वळवाच्या आधी कोंबड्यांची खोकी उन्हात टाका

बाकीची कामं दोन दिवस थांबली तरी चालतील, हे थांबणार नाही. खुराड्यातली अंडी घालायची खोकी बाहेर काढा, आतलं जुनं काड लांब नेऊन जाळा (कडब्याची गंजी कुठं आहे ते आधी बघा) आणि खोकी भर उन्हात उलटी घाला. सोलापुरात ऐन उन्हाळ्यात दुपारी पारा ४२-४३ ला टेकतो. या उन्हाला आपण शिव्या देतो, पण लाल पिसवा (कोंबड्यांचं रक्त पिणारी बारीक कीड) मारायला याच्याइतकं स्वस्त औषध कुठल्याच दुकानात नाही. ४५ अंशाच्या वर ही कीड तग धरत नाही. वळीव पडून हवा दमट झाली की तिचंच राज्य.

दर पावसाळ्याच्या तोंडाला मी तेच बघतो. खुडूक (अंडी उबवायला बसलेली) कोंबडी रवणावर बसल्या जागी मेलेली, तुरा पांढराफटक, खाली अंडी तशीच. घरचे म्हणतात, "उन्हानं गेली," नाहीतर "मानमोडी आली." अहो, मानमोडी (राणीखेत, कोंबड्यांचा साथीचा रोग) आली तर अख्खं खुराडं संपवते, खोक्यात बसलेल्या एकटीला वेचून नेत नाही. खोक्यात हात घालून बघितलं की काड दिवाळीचं निघतं, शिटेनं घट्ट झालेलं. आणि हात बाहेर काढला की मनगटाला खाज.

फसगत होते ती इथं. ही पिसू जेमतेम एक मिलिमीटरची. दिवसा कोंबडीच्या अंगावर नसतेच. खोक्याच्या फटीत, खिळ्याच्या भोकात, दांडीच्या खालच्या बाजूला दडून बसते आणि रात्री निघून रक्त पिते. तुम्ही दुपारी पंख उचकटून बघता, काही दिसत नाही आणि निर्धास्त होता. रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन जा, पांढरं फडकं फटीवरून दाबून फिरवा. लाल डाग उमटले तर समजा. उबेत आठ-दहा दिवसांत तिची नवी पिढी तयार होते. "खोकं तीन महिने रिकामंच होतं" हेही कारण चालत नाही, उपाशीपोटी ती कित्येक महिने जगते.

रात्रंदिवस खोक्यात बसणारी खुडूक आधी मरते. बाकीच्या कोंबड्या शहाण्या, त्या खोक्यात जायचंच सोडतात. मग अंडी तुऱ्हाट्यांच्या ढिगात, गंजीखाली, गोठ्याच्या कोपऱ्यात, आणि ती मुंगसाच्या नाहीतर कुत्र्याच्या पोटात. मालक दुकानात जातो आणि अंडी वाढवायच्या टॉनिकची बाटली घेऊन येतो. कोंबडी अंडी घालतेयच, तुम्हाला सापडत नाहीत. बाटलीला पैसे घालण्याआधी गंजीभोवती एक चक्कर मारा.

आता करायचं कसं. बहुतेक कोंबड्या सकाळी अंडी घालून मोकळ्या होतात. म्हणून ११ वाजता खोकी काढा, खुराड्यापासून वीसेक पावलं लांब न्या, जोरात आपटा, फटीफटीत उकळतं पाणी ओता आणि ५ वाजेपर्यंत तापू द्या. लाकडी खोक्याच्या आत ऊन पोचत नाही, म्हणून तिथं पाणी चुकवू नका. आठ दिवसांनी पुन्हा तेच करा. पहिल्या वेळी किडीच्या अंड्यातली पिल्लं सुटून जातात, आणि एकदाच करून थांबणारे सगळे तिथंच हरतात. खुडूक बसली असेल तर आदल्या संध्याकाळीच तिला अंड्यांसकट नव्या काडाच्या डालग्यात हलवा.

किडीचा जोर फारच असेल तर जनावरांच्या गोचिडाला वापरतात ते १.२५ टक्के डेल्टामेथ्रीन, १ लिटर पाण्याला २ मिली, पशुवैद्यकांना विचारून. फवारणी रिकाम्या खोक्यावर आणि फटीत. कोंबडीवर, अंड्यावर, दाण्यावर, पाण्यावर नाही. खोकं पूर्ण वाळल्याशिवाय आत ठेवायचं नाही. शेतातलं उरलेलं कीटकनाशक इथं वापरायचं नाही, मग ते कितीही "तसलंच" असो.

नवी खोकी घ्यायची असतील तर दुकानदार दाखवतो ती रंगीत घसरत्या तळाची राहू द्या. वीस-पंचवीस कोंबड्यांना ती कशाला? डाळिंबाचा प्लॅस्टिकचा क्रेट आडवा करा, पुढं ४ इंचाची फळी बांधा. हवा खेळते, धुता येतो, लाकडाएवढ्या फटी नसतात. तेलाचा पत्र्याचा डबा हिवाळ्यात ठीक, मे महिन्यात तो तवा होतो.

मापं:
- ४-५ कोंबड्यांना १ खोकं
- साधारण १२ इंच लांब, १२ रुंद, १२ उंच
- जमिनीपासून दीड ते दोन फूट
- बसायची दांडी खोक्यापेक्षा वर, नाहीतर रात्री खोक्यातच झोपून शीट करतात
- काड २-३ इंच, कोरडं
- तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या) १८ आठवड्यांच्या झाल्या की खोकी लावून ठेवा

रोजचं:
- अंडी दिवसातून तीनदा गोळा करा, उन्हाळ्यात फळलेलं अंडं खोक्यात तापलं तर आत जीव धरून खराब होतं
- ओलं, फुटलेल्या अंड्यानं चिकट झालेलं काड त्याच दिवशी बाहेर
- सावलीत गार पाणी, दुपारी बदलून
- शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात
- मानमोडीची लस वेळापत्रकानं

काड कुठलं, यावर माझा एक अंदाज आहे, कुठल्या पुस्तकातला नाही. गव्हाच्या काडात मूठभर वाळला कडुनिंबाचा पाला कुस्करून घातला की पिसवा उशिरा येतात असं मला वाटतं. पाला फुकट आहे, करून बघायला हरकत नाही. पण पाला घातला म्हणून काड बदलायचं राहिलं, असं नको. पंधरा दिवसांनी काड बदला, पाऊस आत आला तर त्याच संध्याकाळी. चुलीची चाळलेली राख आणि कोरडी माती एका जुन्या घमेल्यात भरून खुराड्यात ठेवा, कोंबड्या स्वतःच त्यात लोळतात.

खोकी आत ठेवताना भिंतीला चिकटवू नका, बोटभर फट राहू द्या. भिंतीच्या पोपड्यामागं याच पिसवांचं दुसरं बिऱ्हाड असतं. तिथं चुन्याची सफेदी वळवाच्या आधीच मारून घ्या.