परदेशी नेण्याच्या उपकरणाला पॉवर कॉर्ड कशी निवडावी?

जर्मनीतला गोल, दोन पिनांचा प्लग डेन्मार्कच्या जुन्या सॉकेटमध्ये व्यवस्थित बसतो. उपकरणही चालू होतं, पण अर्थिंग मात्र जोडलंच जात नाही. कारण त्या प्लगचं अर्थिंग कडेच्या पट्ट्यांतून होतं आणि डेन्मार्कच्या सॉकेटमध्ये त्यासाठी वेगळी पिन लागते. धातूच्या बॉडीचं उपकरण असेल, तर हा जिवाशी खेळ आहे. म्हणून प्लग बसतो का, हे सगळ्यात शेवटी बघा.

सुरुवात उपकरणावरच्या लेबलपासून करा. 'इनपुट'पुढे १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं छापलं असेल, तर कॉर्ड बदलून भागतं. नुसतं २३० व्होल्ट असेल, तर अमेरिकेत (१२० व्होल्ट) किंवा जपानमध्ये (१०० व्होल्ट) योग्य ट्रान्सफॉर्मर लागेल. साधा ट्रॅव्हल अडॅप्टर पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही.

मग करंट काढा. बहुतेक जण इथेच चुकतात. वॅटला व्होल्टने भागायचं. दोन्ही व्होल्टेजवर चालणारं १५०० वॅटचं उपकरण २३० व्होल्टवर साडेसहा अँपियर घेतं, १२० व्होल्टवर साडेबारा. म्हणजे एका देशात थंड राहणारी १० अँपियरची वायर दुसऱ्या देशात तापते. अमेरिकी कॉर्डवर वायरची जाडी 'एडब्ल्यूजी'त लिहितात आणि तो आकडा जितका लहान, तितकी वायर जाड. साधारणपणे १८ नंबर १० अँपियरला, १६ नंबर १३ ला आणि १४ नंबर १५ ला. युरोपीय वायरवर '३जी१.०' अशा धर्तीची खूण असते: तीन तारा, त्यात एक अर्थिंगची, प्रत्येक १ चौरस मिलिमीटर. 'जी'च्या जागी 'एक्स' असेल, तर अर्थिंगची तार नाही.

उपकरणाकडचं टोकही नीट पाहा. त्या टोकाच्या आकारांना ठरलेले नंबर असतात: कॉम्प्युटरला सहसा सी१३, मोठ्या सर्व्हरला १६ अँपियरचं सी१९. सी१५ दिसायला सी१३ सारखंच, पण त्याला एक खाच असते आणि ते १२० अंश सेल्सिअसपर्यंतची उष्णता सोसतं. सी१३ ला तशी खाच कापून ते सी१५ च्या जागी बसवू नका.

आता प्लग. तो त्या देशाचाच हवा आणि मान्यतेची खूणही तिथलीच: जर्मनीत व्हीडीई, अमेरिकेत यूएल, जपानमध्ये पीएसई, चीनमध्ये सीसीसी, भारतात आयएसआय. खूण प्लगवर आणि वायरवर, दोन्हीकडे शोधा. ब्रिटिश प्लगमध्ये फ्यूज असतो. साधारण ७०० वॅटपर्यंत ३ अँपियरचा, त्यावर १३ चा.

कॉर्डचं वेटोळं सोडून ती पूर्ण मोकळी करा. गुंडाळलेल्या वायरची उष्णता आतच कोंडते. अर्धा तास पूर्ण लोडवर चालवून, स्विच बंद करून प्लगला हात लावा. कोमट लागला तर ठीक. चटका बसला, तर ती कॉर्ड पुन्हा वापरू नका आणि सॉकेटही तपासून घ्या.