ब्रा घ्यायला जाताय? आधी टेप काढा

माझं अख्खं कॉलेज ३६ बी मध्ये गेलं. का, तर पहिल्यांदा आईबरोबर गेले तेव्हा दुकानातल्या बाईने नुसतं वरून-खालून बघून ३६ चा डबा काढला आणि आम्ही लाजून पटकन पिशवीत कोंबून बाहेर. खांद्यावर वळ, मागचा बँड (छातीभोवतीचा पट्टा) मानेकडे चढलेला, मला वाटायचं सगळ्यांचं असंच असतं. नसतं.

तर शिवणाची टेप घ्या. छातीच्या बरोबर खाली, श्वास सोडून, घट्ट माप घ्या. समजा ३२ इंच आलं तर बँड ३२, ३१ आलं तरी ३२ च धरून बघा. मग छातीच्या सगळ्यात भरलेल्या भागावरून सैलसर माप. ३४ आलं तर फरक २ इंच म्हणजे कप बी, १ म्हणजे ए, ३ सी, ४ डी. गोम अशी की काही कंपन्या खालच्या मापात ४-५ इंच मिळवून साइज काढतात, म्हणून ज्या कंपनीची घेताय तिचाच तक्ता बघा आणि शेवटी घालूनच ठरवा.

घातल्यावर काय बघायचं? वजन बँडने पेलायचं असतं, पट्ट्यांनी नाही. नवीन ब्रा सगळ्यात सैल हुकावर नीट बसली पाहिजे, कारण इलॅस्टिक ढिलं झालं की आतले हुक कामाला येतात. हात वर करा, बँड वर सरकला तर तो मोठा. वरून फुगून बाहेर आलं तर कप लहान, कप पोकळ राहिला तर मोठा. वायर असेल तर ती छातीच्या कडेला बरगडीवर टेकायला हवी, वर चढून टोचत असेल तर सरळ परत ठेवा. ३४ बी चा फक्त बँड घट्ट वाटला तर ३६ ए, ढिला वाटला तर ३२ सी, कप जवळपास तेवढाच राहतो, याला सिस्टर साइज म्हणतात.

आता प्रकार. टी-शर्ट ब्राला शिवण दिसत नाही, ऑफिसला बरी. छाती भरलेली असेल तर फुल कव्हरेज. शर्टची बटणं ताणत असतील तर मिनिमायझर, म्हणजे छाती जरा लहान दाखवणारी. लग्नाच्या रिसेप्शनला गाऊन असेल तर स्ट्रॅपलेस, पण तिचा बँड घट्टच हवा, नाहीतर सगळी संध्याकाळ ओढण्यात जाते, नाचायचं राहूनच जातं. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर सकाळी धावणाऱ्यांनी स्पोर्ट्स ब्राच घाला, दोन साध्या एकावर एक घालून भागत नाही. चवथीला (गणेश चतुर्थीला) साडी नेसायची तर ब्लाऊजचं माप देताना तीच ब्रा घालून शिंप्याकडे जा, वेगळी घातली की ब्लाऊज बसतच नाही.

आपल्या गोव्याच्या दमट हवेत मात्र मी रोजसाठी बिनपॅडची कॉटनचीच सांगेन. जुलैत पॅडवाली दोन-दोन दिवस वाळत नाही, वास येतो तो वेगळाच, आणि ओली घातली की छातीखाली घामोळं आणि खाज. निदान चार हाताशी ठेवा, एकच रोज घालू नका, इलॅस्टिकलाही जरा विसावा लागतो. मशीनमध्ये टाकायची तर हुक लावून जाळीच्या पिशवीत. वाळत घालताना पट्टीने लटकवू नका, मधून दोरीवर टाका.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात स्वस्त मिळतात, मीही घेते, पण ट्रायल नाही, त्यामुळे साइज पक्की कळल्यावरच.