पोलिसांची ‘गोड’ बातमी लिहिताना

जिल्हा दैनिकात क्राइम बीटवर, म्हणजे पोलीस-गुन्ह्यांच्या बातम्यांवर, नव्याने आलेल्या पोरापोरींना मी आधी एकच काम देतो. एसपी ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेली ‘हरवलेले मोबाईल मूळ मालकांना परत’ ही प्रेसनोट घ्या आणि तिची बातमी करा. प्रेसनोट कुठल्याही जिल्ह्याची असो, सारखीच असते. टेबलावर ओळीने मांडलेले मोबाईल, मागे साहेब, फोन घेताना हसणारा तक्रारदार आणि शेवटी ‘नागरिकांच्या चेहऱ्यावर आनंद’. डेस्कला घाई असते, पान लावायचं असतं, त्यामुळे ती जशीच्या तशी जाते.

छापू नका असं माझं म्हणणं नाही. फोन परत मिळाला ही त्या माणसासाठी मोठीच गोष्ट आहे. पण प्रेसनोट म्हणजे एका बाजूचा जबाब, आणि तो तसाच वाचायचा.

परत केलेल्या मोबाईलचा आकडा ठळक दिलेला असतो. त्याच काळात तक्रारी किती आल्या, ते दिलेलं नसतं. फोन करून विचारा. काळ कोणता धरलाय तेही विचारा, कारण 2 जानेवारीला महाराष्ट्र पोलिसांचा वर्धापन दिन असतो आणि त्या सप्ताहात अशा वाटपांना ऊत येतो. आकडा तोंडी मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. बातमी आजच द्यायची असेल तर ‘एकूण तक्रारींची संख्या पोलिसांनी दिली नाही’ एवढं एक वाक्य घाला. ते वाक्य छापून आलं की पुढच्या वेळी आकडा मिळण्याची शक्यता बरीच वाढते.

आता खरी मेख. या तक्रारी चोरीच्या होत्या की गहाळच्या? बसमध्ये खिशातून फोन गेलेल्या माणसाला ‘गहाळ म्हणून लिहून द्या, सिम लगेच मिळेल’ असं सांगितलं जातं, हे बीटवरच्या सगळ्यांना ठाऊक असतं. गहाळ नोंदीला गुन्हा रजिस्टर नंबर पडत नाही, त्यामुळे ठाण्याच्या चोऱ्यांचा आकडाही वाढत नाही. फोन सापडला की मात्र कामगिरी होते. म्हणून प्रेसनोटमध्ये आरोपी शोधा. टेबलभर मोबाईल आणि चोर एकही नाही, असं असेल तर फोन कुणाकडे सापडले आणि त्यांच्याकडे ते आले कुठून, हा तुमचा पहिला प्रश्न. गुन्हा दाखल झाल्याचं सांगितलं तर एफआयआर पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर बघा. संवेदनशील गुन्हे सोडून बाकीचे एफआयआर 24 तासांत संकेतस्थळावर टाकावेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2016 चा आदेश आहे.

‘तांत्रिक विश्लेषणाच्या आधारे’ या शब्दांमागे बहुतेक वेळा केंद्राच्या दूरसंचार विभागाचं सीईआयआर पोर्टल असतं. मे 2023 मध्ये ते देशभर खुलं झालं. आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, देऊन फोन ब्लॉक करायचा. पुढे त्यात कुणी सिम घातलं की त्याची माहिती पोलिसांना जाते. वाचकाला हे सांगा, उद्या त्याचाच फोन जाईल तेव्हा उपयोगी पडेल. त्यानंतर परराज्यात फोन लावलावून तो मोबाईल परत मागवणारा एखादा अंमलदार असतोच. त्याच्याशी बोला, त्याचं नाव वर घ्या. ‘यांच्या मार्गदर्शनाखाली’ची लांबलचक रांग बिनदिक्कत कापा.

लहान मुलांच्या बातमीत मात्र हात आखडता घ्या. ऑपरेशन मुस्कान या हरवलेल्या मुलांच्या शोधमोहिमेत सापडलेलं मूल पोलिसाच्या कडेवर, असा फोटो ग्रुपवर येतो. बालन्याय कायद्याच्या कलम 74 नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख पटेल असं काहीही छापता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. फोटो पोलिसांनी दिला म्हणून तुमची सुटका होत नाही. चेहरा, नाव, शाळा, पत्ता, काही नको.

संशयितांची धिंड, कॅमेऱ्यासमोर हात जोडायला लावलेली माफी, हे रील ‘पोलिसी खाक्या’ म्हणून चालवू नका. त्यांच्यावरचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा असतो.

फोन परत मिळालेल्या माणसाशी बोलायचं ते वाटपाचा कार्यक्रम संपल्यावर, ठाण्याच्या आवाराबाहेर. तक्रार घ्यायला किती वेळ लागला, किती खेपा झाल्या, विचारा. तो म्हणाला की पहिल्याच दिवशी काम झालं, तर तेही तसंच छापा; मग त्या बातमीतला गोडवा तरी खरा असेल.

पोलिसांचा पीआरओ, म्हणजे जनसंपर्क अधिकारी, कुरकुर करेल. क्वचित ग्रुपमधून काढेलही. त्याच दिवशी संपादकांच्या कानावर घाला आणि कामाला लागा. प्रेसनोट काय, शेजारच्या दैनिकाचा बातमीदार पाच मिनिटांत फॉरवर्ड करतो.