भिडूशी ‘ठरलंय’ म्हणता? ब्रिजच्या बोलीतल्या या चुका टाळा

दारव्हा-दिग्रस पट्ट्यातल्या आमच्या गावात ब्रिजचं एकच टेबल आहे, ते माझ्या कृषी केंद्राच्या मागच्या पडवीत लागतं. पेरणीच्या दिवसांत बंद, कापसाची वेचणी आटोपली की सुरू. चौघांपैकी तिघं मेंढीकोट खेळून इकडे आलेले. माझे भिडू म्हणजे निवृत्त गुरुजी. ते जुन्या अ‍ॅकॉल बोली-पद्धतीनं शिकले, मी मोबाइलवर. पहिल्या दिवशी मी विचारलं, “गुरुजी, नेहमीचंच खेळू ना?” ते म्हणाले, “हो हो.” आमच्या सगळ्या नुकसानीचं मूळ त्या ‘हो हो’त आहे.

महिनाभरानं एक डाव आला. (बोली म्हणजे ‘इतके हात करतो, हुकूम हा’ असा वायदा.) गुरुजींनी एक नो ट्रम्प, म्हणजे बिनहुकमाची बोली म्हटली. माझ्याकडे इस्पिकचे 8-3, बदामचे राजा-राणी-10-9-6-4, चौकटचे 7-2 आणि किलवरचे गुलाम-8-5. मी दोन चौकट म्हटलं. माझ्या हिशेबानं हा ट्रान्सफर: माझ्याकडे पाच तरी बदाम आहेत, तुम्ही दोन बदाम म्हणा. गुरुजींनी पास केलं. डमी, म्हणजे भिडूची टेबलावर मांडायची पानं, उघडली तर चौकटची तीन पानं. म्हणजे हुकूम आमचे पाच आणि समोरच्यांचे आठ. तीन हात कमी पडले, 150 गेले. डमीत बदामचे एक्का-गुलाम-3 माझ्याकडे बघत बसले होते. दोन बदाम लागले असते तर 110 आमचे.

“अरे बाप्पा, तू चौकट म्हटली, मले वाटलं चौकटच हाये!” त्यांचंही बरोबर. त्यांच्या पद्धतीत ती साधी, थांबायची बोली. वर त्यांचं एक नो ट्रम्प हातातल्या मोठ्या पानांच्या 12 ते 14 गुणांचं, मी धरून चाललेलो 15 ते 17. एकाच डावात दोन गैरसमज, आणि महिनाभर दोघांनाही पत्ता नाही.

त्या रात्री जुन्या बिलबुकाच्या पाठकोऱ्या पानांवर लिहायला बसलो. नवीन जोडीनं हीच सुरुवात करावी. नो ट्रम्पची रेंज किती? दोन किलवर म्हणजे स्टेमन (इस्पिक किंवा बदामची चार पानं आहेत का, हा प्रश्न) का, दोन चौकट आणि दोन बदाम म्हणजे ट्रान्सफर का? मेजर, म्हणजे इस्पिक किंवा बदाम, उघडायला पाच पानं लागतात का चार? दोनची सुरुवात कमजोर का जोरदार? या चार प्रश्नांची उत्तरं जुळली की निम्मे घोळ मिटतात.

त्याच्या पुढचा प्रश्न मात्र लोक विचारतच नाहीत: कोणत्या बोलीवर पास करता येत नाही? तुम्ही एक इस्पिक म्हटलं, भिडूनं दोन चौकट. टू-ओव्हर-वन या बोली-पद्धतीत, मध्ये समोरचे बोलले नसतील तर, आता गेमपर्यंत, म्हणजे बोनस देणाऱ्या बोलीपर्यंत, कुणी थांबायचं नाही. अ‍ॅकॉलमध्ये तसं नाही, साधारण 10 गुणांवरही ती बोली येते. एक जण गेमचं बंधन धरून दबकत दोन इस्पिक म्हणतो आणि दुसरा सुखानं पास करतो. मग 26 गुण हातात असून दोन इस्पिकवर पडून राहायचं. आमचं दोनदा झालंय.

डबल हा स्वतंत्र आजार आहे. मेंढीकोटवाल्याला डबल म्हणजे ‘पाडतो तुले’ एवढंच कळतं. पण समोरच्यानं एक बदाम उघडलं आणि त्यावर तुम्ही डबल दिला, तर त्याचा नेहमीचा अर्थ ‘बदाम माझ्याकडे कमी आहेत, दुसरा रंग सांग’ असा. भिडूनं उघडलं, मध्ये शत्रू बोलला आणि मग तुम्ही डबल दिला, तर बहुतेक जोड्यांत तो निगेटिव्ह: न बोललेला मेजर माझ्याकडे आहे. हे सगळ्यांना पाठ असतं. कुठपर्यंत, हे ठरलेलं नसतं. आम्ही दोन इस्पिकपर्यंत लिहिलंय, त्याच्या वर पाडण्यासाठी. तुम्ही तीनपर्यंत न्या, पण आकडा लिहा.

ब्लॅकवुडचं, म्हणजे चार नो ट्रम्प म्हणून भिडूला एक्के विचारण्याचं, थोडक्यात. चार नो ट्रम्पवर पाच चौकट आलं, तर साध्या पद्धतीत एक एक्का. 1430 या त्याच्याच प्रकारात, जिथे हुकमाचा राजा पाचवा एक्का धरतात, तिथे शून्य किंवा तीन. स्लॅम (12 किंवा 13 हातांची बोली) आणि फजिती यांत एवढंच अंतर. आणि हुकूम किलवर असेल तर विचारण्याआधी थांबा, पाच चौकट उत्तर आल्यावर पाच किलवरला परत येता येत नाही.

आता जरा अवघड जागेचं दुखणं. मेंढीकोटात भुवई उडवणं, खाकरणं, पान आपटणं ही अर्धी कला. ब्रिजमध्ये तो नियमभंग आहे. भिडू खूप विचार करून पास झाला, तर त्या विचारातून काही वाचून बोली करायची नाही. ठरलेले अर्थही लपवायचे नाहीत, समोरच्यांनी विचारलं की सांगायचे. आमच्याकडे सुरुवातीला याच्यावरून चहा थंड होईस्तोवर भांडणं झाली. 2018 मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी ब्रिजचं सुवर्ण जिंकलं, तेव्हापासून ‘पत्ते कुटत बसता’ म्हणणारे थोडे नरमले. भुवईवाले अजून नाही.

चूक झाली की तिथंच वाद घालू नका, पुढचा डावही जातो. आम्ही बिलबुकात फुली मारून ठेवतो आणि खेळ संपल्यावर उघडतो. परवाची फुली अशी: गुरुजींचं एक नो ट्रम्प, मध्ये समोरच्याचं दोन किलवर, माझा डबल. मला किलवर पाडायचे होते, गुरुजींना तो स्टेमन वाटला आणि ते दोन इस्पिकवर गेले. रात्री साडेदहाला शटर अर्धं ओढून ठरवलं: दोन किलवर मध्ये आलं तर डबल म्हणजे स्टेमन, ट्रान्सफर जसेच्या तसे. दोन चौकट किंवा त्याच्या वर काही आलं तर सगळं बंद, जे म्हणू तेच आहे. गुरुजींनी खाली सही केली, तारीखसुद्धा टाकली.