लायब्ररीऐवजी चार ओळींचा कोड लिहिताना या चुका टाळा

मार्च २०१६ मध्ये जावास्क्रिप्टच्या तयार कोडचे भांडार असलेल्या एनपीएमवरून 'लेफ्ट-पॅड' नावाचे जेमतेम ११ ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतले आणि बेबेल या जावास्क्रिप्ट साधनासारख्या मोठ्या प्रकल्पांचे बिल्ड, म्हणजे कोडपासून चालणारी आवृत्ती तयार करण्याचे काम, अडले. किरकोळ कामासाठी बाहेरचे पॅकेज आणू नये, हा विचार त्यानंतर अधिक रुजला आणि तो रास्तच आहे. मात्र लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड, काढली की तिने परस्पर निस्तरलेल्या अडचणी आपल्या अंगावर येतात. मराठी मजकूर असेल तर त्या लवकर उघड्या पडतात, कारण चार ओळींचे बरेचसे तयार तोडगे केवळ इंग्रजी मजकुरावर तपासलेले असतात.

सर्वांत जास्त आढळणारी चूक मथळा कापण्याची. जावास्क्रिप्टच्या 'लेंग्थ'ला वाचकाला दिसणारी अक्षरे कळत नाहीत, ती युनिकोडचे सांकेतिक घटक मोजते. त्यामुळे 'मराठी' या शब्दाची लांबी तीन नव्हे, तर पाच येते: म, र, काना, ठ आणि वेलांटी. त्यातले पहिले दोन घटक 'स्लाइस'ने घेतले, तर पडद्यावर 'मर' एवढेच उरते, आणि ते वाचकाला उद्देशून लिहिले आहे असे वाटण्याचीच शक्यता अधिक. मजकूर केवळ दिसायला आखूड हवा असेल, तर स्ट्रिंगला, म्हणजे कोडमधल्या मूळ मजकुराला, हात न लावता सीएसएसच्या 'टेक्स्ट-ओव्हरफ्लो'कडे ते काम सोपवावे. अक्षरे खरोखरच मोजायची असतील, तर 'इंटल' या जावास्क्रिप्टच्या भाषाविषयक सुविधेतील 'सेगमेंटर' वापरावा. तो क्रोममध्ये २०२० पासून असला, तरी फायरफॉक्समध्ये एप्रिल २०२४ मध्ये आला, म्हणून तो उपलब्ध आहे की नाही हे आधी तपासावे. जोडाक्षरांच्या बाबतीत जुन्या आणि नव्या ब्राउझरांची मोजणी वेगळी येऊ शकते, हेही ध्यानात ठेवावे.

नावाची पडताळणी करणाऱ्या एका ओळीच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकुराचा साचा तपासणाऱ्या सूत्रात, हीच गफलत वेगळ्या रूपात होते. ए ते झेड एवढीच मुभा देणारा कोड देवनागरी नाव नाकारणार, हे उघड आहे. पण युनिकोडचा 'एल' हा अक्षरगट वापरणारा, म्हणजे वरकरणी सुज्ञ वाटणारा कोडही 'राणी' हे नाव नाकारतो, कारण काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त ही चिन्हे 'एम' या वेगळ्या गटात मोडतात. दोन्ही गट घ्यावेत आणि युनिकोडचे गट ओळखायला लावणारा 'यू' फ्लॅग विसरू नये. खरे तर नाव रिकामे नाही एवढे पाहून थांबणेच बरे.

आकड्यांसाठी 'इंटल'चा 'नंबरफॉरमॅट' पुरेसा आहे. त्याला मराठी-भारत हा भाषासंकेत दिला की १२,३४,५६७ अशी देवनागरी अंकांतली, लाख-कोटींच्या स्वल्पविरामांची रक्कम मिळते. चूक होते ती हीच सजवलेली रक्कम पडद्यावरून पुन्हा वाचून बेरीज करताना, कारण जावास्क्रिप्टला देवनागरी अंक संख्या म्हणून कळत नाहीत आणि उत्तर 'नॅन', म्हणजे 'ही संख्या नाही', येते. इंग्रजी अंक असतील तर प्रकार अधिक घातक होतो: 'पार्सफ्लोट' पहिल्या स्वल्पविरामाशी थांबते आणि बारा लाखांचे निमूटपणे बारा करते. मूळ संख्या नेहमी वेगळी जपावी आणि सजावट दाखवतानाच करावी. मोबाइल क्रमांकाच्या रकान्यात कोणी देवनागरी अंक टाकले, तर अशा प्रत्येक अंकाच्या युनिकोड क्रमांकातून २४०६ वजा करावेत, म्हणजे खरा अंक मिळतो.

डिबाउन्सबद्दल, म्हणजे टाइप करणे थांबेपर्यंत विनंती लांबवण्याच्या युक्तीबद्दल, थोडक्यात: रिअ‍ॅक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीमध्ये ते फंक्शन प्रत्येक रेंडरला, म्हणजे पडदा दर वेळी रेखाटताना, नव्याने बनत असेल, तर दर वेळी टायमरही नवा येतो, आधीचा रद्द होत नाही आणि प्रत्येक कळीगणिक सर्व्हरला विनंती जातच राहते. तसेच वस्तूची प्रत काढण्यासाठी जेसन या मजकूर-स्वरूपात रूपांतर करून ती परत वाचण्याची युक्ती सोडावी, कारण तीत तारखांच्या स्ट्रिंग होतात. 'स्ट्रक्चर्डक्लोन' हे काम नीट करते.

तारखेची चूक मात्र भारतातल्या विकासकाला हमखास गाठते. वापरकर्त्याने १ मे २०२५ ही तारीख निवडली की पुष्कळदा भारतीय वेळेनुसार त्या दिवसाची मध्यरात्र असलेली 'डेट' तयार होते. ती 'टूआयएसओस्ट्रिंग'ने, म्हणजे यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत, पाठवली, तर साडेपाच तास वजा होऊन ३० एप्रिलची संध्याकाळ, साडेसहा वाजताची वेळ नोंदवली जाते आणि पुढे कोणी त्यातला तारखेचा भाग तेवढा कापून घेतला की महाराष्ट्र दिन एक दिवस आधी येतो. उलट, वर्ष-महिना-दिवस एवढीच स्ट्रिंग 'डेट'ला दिली, तर ती यूटीसी मानली जाते. भारतात ती बरोबर दिसते, पण कॅलिफोर्नियातल्या मराठी वाचकाला आदल्या दिवसाची तारीख दिसते. ज्या तारखेला वेळ चिकटलेली नाही, ती साधी स्ट्रिंग म्हणूनच साठवावी. पुण्यात बसून हा दोष पकडायचा असेल, तर क्रोमच्या डेव्हटूल्समधील 'सेन्सर्स' विभागात सॅन फ्रान्सिस्को निवडावे आणि पान पुन्हा उघडून पाहावे.