नवा चारा लावताय? या चुका टाळा

उसाचं वाढं म्हणजे हिरवे शेंडे आणि कडबा सोडून दुसरं काही करायचं म्हटलं की सगळे आधी नेपियरचं बेणं आणतात. व्हिडिओत माणूस बुडेल एवढं गवत दिसतं ना! पण संकरित नेपियरची पहिली कापणी दोन-अडीच महिन्यांनी आणि पुढच्या दर 45-50 दिवसांनी करायची असते. त्याहून जास्त वाढवलं की खोड निबर होतं. गाय पाला ओरबाडते, बुडखे गव्हाणीत तसेच पडून राहतात. मी खांद्याला लागलं की कापतो, वजन कमी भरलं तरी चालेल.

खरी चीड येते ती कोवळ्या कडवळाची, म्हणजे चाऱ्याच्या हिरव्या ज्वारीची. शेजारच्या वस्तीवर विहीर आटली आणि गुडघाभर ज्वारी सुकायला लागली. वाया जाण्यापेक्षा गायींना घालू म्हणून मालकाने कापली आणि सकाळी अनशापोटी दोन्ही गायींपुढे टाकली. गव्हाण रिकामी व्हायच्या आतच एक गाय झोकांड्या खाऊन आडवी झाली. तोंडाला फेस, श्वास भात्यासारखा, डोळ्याची आतली कड लालभडक. डॉक्टरांनी विचारलं, "काय घातलंत?" तर म्हणे, "कडवळच की, दुसरं काही नाही." शिरेतून औषध गेलं म्हणून दुसरी वाचली. पहिलीला तेवढा वेळच मिळाला नाही.

यालाच किराळ लागणं म्हणतात. कोवळ्या ज्वारीतून पोटात हायड्रोसायनिक आम्ल सुटतं. मग रक्तात प्राणवायू असूनही शरीराला तो वापरता येत नाही. पाण्याचा ताण बसलेल्या पिकात आणि कापणीनंतरच्या फुटव्यात हे विष जास्त असतं. लवकर वाढावं म्हणून युरिया फेकणारे महाभाग ते आणखी वाढवतात. निम्मं पीक फुलोऱ्यात आल्याशिवाय मी विळा लावत नाही. कापलेलंही सुकवून, कडब्यात मिसळून आणि पोटात आधी काही गेल्यावरच देतो.

लसूणघास एकटा, ओला आणि भरपूर घातला की डावी भकाळी (बरगड्यांमागची कूस) फुगलीच म्हणून समजा. सुबाभूळ हिरव्या चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आतच ठेवा, नाहीतर केस झडतात. वाढ्यातलं ऑक्झलेट नावाचं द्रव्य कॅल्शियम अडवतं, त्यामुळे व्यायला आलेल्या गायीला नुसत्या वाढ्यांवर ठेवू नका.

ट्रेमधल्या हायड्रोपोनिक, म्हणजे मातीशिवाय पाण्यावर उगवलेल्या मक्याचं तर काय सांगावं! किलोभर दाण्याचे सहा-सात किलो होतात खरे, पण वाढतं ते पाणी. वाळवून तोला, टाकलेल्या दाण्यापेक्षा कमीच भरेल. अझोला ही पाण्यावर तरंगणारी वनस्पतीही नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच, त्याच्या भरवशावर पेंड बंद करू नका.

मूरघासाची, म्हणजे हवाबंद आंबवलेल्या हिरव्या चाऱ्याची बॅग 45 दिवसांच्या आत उघडू नका. नेपियरचा मूरघास करायचा तर कापून दिवसभर सुकू द्या, नाहीतर तळाला पाणी साचून घाण वास सुटतो.

चारा कुठलाही असो, बदल आठ-दहा दिवसांत करायचा. मी पाव हिश्शापासून सुरुवात करतो. शेण पातळ दिसलं की तिथंच थांबायचं, घट्ट झालं की पुढची पेंढी.