पद्मिनीचे ब्रेक: डिस्क बसवण्याआधी या चुका टाळा

प्रीमियर पद्मिनी या जुन्या मोटारीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या ड्रमला आतून दोन शू दाबून थांबवणारे. चिखलदऱ्याचा घाट उतरून परतवाडा येईस्तोवर पेडल खाली जाऊ लागलं की गाडीवाला आधी डिस्कचं, म्हणजे फिरणाऱ्या चकतीला पॅडने आवळणाऱ्या ब्रेकचं, किट शोधतो. माझं मत स्पष्ट आहे: घाट सेकंड गिअरात उतरत असाल आणि ड्रम नीट सेट असतील, तर या गाडीला तेच पुरतात.

सगळ्यात घातक चूक पुशरॉडची, म्हणजे पेडलने पिस्टन ढकलणाऱ्या दांड्याची. चाकांकडे ब्रेक ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरमध्ये एक बारीक भोक असतं. पाय उचलला की पिस्टन पूर्ण मागे येतो, भोक उघडतं आणि ऑइल डब्यात परततं. पेडल वरच लागावं म्हणून पुशरॉड लांब केला, तर ते भोक झाकलेलंच राहतं. मग ऑइल तापून फुगतं, त्याला जायला जागा नसते आणि ब्रेक आपोआप आवळत जातात.

मे महिन्यात आर्वीहून वर्ध्याला येताना माझी गाडी अशीच जड झाली. क्लच दाबला तरी पुढे घरंगळेना. खाली उतरून चाकावर पाणी शिंपडलं, तर चर्र करून वाफ झाली. गाडी सावलीत थंड होऊ दिली, चाकांना दगड लावले आणि मास्टर सिलिंडरवरच्या नळीचा नट फडकं धरून किंचित सैल केला. ऑइलची पिचकारी उडाली अन् चारही चाकं सुटली. म्हणजे दोष वरच होता. दोनच दिवसांआधी मास्टर सिलिंडरचं किट बदललेलं होतं. तेव्हा पुशरॉड लांब राहिला होता. त्याला पकडणारा चेकनट ढिला करून रॉड आखूड केला, पेडलला बोटाने कळेल इतका खेळ ठेवला आणि ब्रेकच्या नळ्यांतली एअर पुन्हा काढली. एकच चाक धरत असेल आणि त्याचा एअर काढायचा निपल उघडल्यावरच सुटत असेल, तर त्या चाकाकडे जाणारा रबरी होज (नळी) आतून सुजलेला समजा.

दुसरी चूक, हँडब्रेक ओढून मागचे शू सेट करणं. आधी हँडब्रेक पूर्ण सोडा. चाक हाताने फिरवत ॲडजस्टर (शू ड्रमच्या जवळ आणणारा स्क्रू) आवळा, जाम झालं की सुटेपर्यंत मागे घ्या. पेडल दोनतीनदा जोरात दाबा म्हणजे शू ड्रममध्ये मधोमध बसतात, मग चाक पुन्हा तपासा. हँडब्रेकची केबल सगळ्यात शेवटी.

चाकातले शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचे रबर घासलेट, डिझेल किंवा पेट्रोलने धुऊ नका, ते फुगतात. ब्रेक ऑइलनेच धुवा. ऑइल हवेतला ओलावा ओढतं. डॉट ३ दर्जाचं ऑइल कोरं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषलं की ती मर्यादा १४० पर्यंत उतरते. म्हणून दर दोन वर्षांनी बदला.

पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल ड्रममध्ये शिरून वाळतो. तो हवेने उडवू नका. शूवरच्या जुन्या लायनरच्या (घर्षणाच्या थराच्या) धुळीत ॲस्बेस्टॉस असतं, ते फुप्फुसात जातं. ओल्या फडक्याने पुसा.

एवढं करूनही डिस्क लावायचीच असेल, तर ड्रमचा मास्टर सिलिंडर तसाच ठेवू नका. त्यात ड्रमसाठी लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो, त्याने डिस्कचे पॅड घासत राहतात. शिवाय पॅड दाबणाऱ्या कॅलिपरला ऑइल जास्त लागतं. काम झाल्यावर मोकळ्या रस्त्यावर वीसेक किलोमीटर गाडी चालवा, थांबा आणि चारही चाकांजवळ हात न्या. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा खूप तापलेलं असेल, तर तेच आधी उघडा.